आधी आपले, मग जग

३ मार्च २०२१, बुधवार. सकाळी.

अत्यंत अभिमानाचा दिवस. नैरोबीहून नम्रताचा व्हिडिओ कॉल आला. त्यांच्याकडे लस पोचली, आणि ती आपल्या पुण्यात बनलेली. शिक्षकांना आधी देणार म्हणे, म्हणजे आमच्या लेकीचा नंबर लवकरच. तिला लहानपणापासून दमा. वर्षभर मला तीच काळजी होती, पण मी कधी बोलून दाखवलं नाही. (सुनीतीच्या मते रोज जेवताना बोलून दाखवलं. बायकांना अतिशयोक्तीची सवय असते.)

नम्रताच्या शाळेतल्या एक बाई शेजारीच होत्या. त्यांनी कॅमेऱ्यात डोकावून, तुम्ही पुणेकरांनी आमच्यावर फार उपकार केले, असं इंग्रजीत सांगितलं. मी म्हणालो, मेन्शन नॉट.

कॉल संपल्यावर सुनीतीने विचारलं, यात आपला हात नेमका कुठे लागला. आम्ही कोथरूडला राहतो आणि कारखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, हे मान्य. पण इतकी वर्षं टॅक्स भरला तो काय उगाच?

५ मार्च, शुक्रवार.

संकल्प: सोसायटीच्या गेटवर फ्लेक्स लावणे. मजकूर स्वतः केला. ‘पुण्याची लस, जगाचा श्वास.’ खाली माझा फोटो, निरोपसमारंभातला, कोट घातलेला. फोटोखाली ‘संकल्पना’. शुभेच्छुक म्हणून सोसायटीचं ज्येष्ठ नागरिक मंडळ. मंडळाला नंतर कळवलं.

चेअरमन अभय आयटीत आहे, वरती इस्त्रीचा शर्ट आणि खाली बर्म्युडा घालून घरूनच काम करतो. तो म्हणाला, लावा काका, फक्त नो पार्किंगची पाटी झाकू नका.

संध्याकाळी मंडळाची झूमवर मीटिंग. मी बोललो. पाटबंधारे खात्यात अख्खी नोकरी गेली, त्यामुळे उदाहरण तिथलंच दिलं. कालव्याला पाणी सोडलं की आधी शेवटच्या टोकाच्या शेताला द्यायचं आणि मग एकेक करत धरणाकडे यायचं. टेल टू हेड. नाहीतर धरणाजवळचेच सगळं पिऊन बसतात. या नियमासाठी मी लोकांच्या शिव्या खाल्ल्यात. लसीचंही तसंच आहे. धरण आपल्या अंगणात आहे म्हणून आपणच आधी प्यायचं, हे माणुसकीला धरून नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. बी विंगचे गोपाळकृष्ण घोरत होते, पण ते नेहमीच घोरतात.

१६ मार्च, मंगळवार.

पहिला डोस झाला. माझा आणि सुनीतीचाही. नम्रताचाही याच आठवड्यात झाला. तिचा दुसरा मे महिन्यात. दंड दुखतोय, पण ज्याने फ्लेक्स लावलाय त्याने कण्हू नये.

९ एप्रिल, शुक्रवार.

गोपाळकृष्ण गेले. चार दिवसांपूर्वी माझ्याबरोबर गच्चीवर फेऱ्या मारत होते. ॲम्ब्युलन्स आली ती आम्ही खिडकीतून पाहिली, खाली कुणी उतरलं नाही. मीही नाही.

मला भीती वाटते. इथे लिहून ठेवतो, कारण बाहेर बोलायची सोय नाही. वय सदुसष्ट, त्यात शुगर. जवळच्या केंद्रावर ‘लस उपलब्ध नाही’ असा कागद चिकटवलाय. टीव्हीवर रोज एकच चर्चा: आपण किती डोस परदेशात पाठवले. मी सगळा प्रश्न पुन्हा नीट अभ्यासला. आधी भावनेच्या भरात काही बाजू सुटल्या होत्या.

१२ एप्रिल, सोमवार.

नवीन फ्लेक्स. ‘आधी आपले, मग जग.’ दुकानदाराने शटर अर्धं उघडून करून दिला. फोटो तोच, कारण कोट तोच. जुना काढायला माणूस मिळेना म्हणून त्याच्यावरच बांधला. वाऱ्याने कोपरा उडतो आणि खालच्या फ्लेक्सचं ‘जगाचा श्वास’ तेवढं दिसतं.

सुनीतीने विचारलं, टेल टू हेडचं काय झालं. मी म्हणालो, लस म्हणजे पाणी नव्हे. ती म्हणाली, हो का. माझी बायको कसबा पेठेतली. तिच्या ‘हो का’ला उत्तर नसतं.

मग म्हणाली, आणि नम्रताचा दुसरा डोस? मी सांगितलं, नम्रताची केस वेगळी, ती आपलीच आहे. तिच्यापुरती पाठवायला माझी हरकत नाही. तिने विचारलं, एकटीची लस कशी पाठवणार, कुरियरने? हे तपशील सरकारने बघायचे असतात. मी फक्त धोरण मांडतो.

फ्लेक्सला जोरदार पाठिंबा आहे. दूधवाल्यानेसुद्धा फोटो काढून नेला.

२६ एप्रिल, सोमवार.

नम्रताचा कॉल. शाळा दहा मेपासून उघडतेय, वर्गात जाऊन शिकवायचंय, मुलं दाटीवाटीने बसतात. दुसऱ्या डोसची तारीख मात्र कुणी सांगत नाही. भारतातून माल यायचा थांबलाय, असं तिकडे बोलतात.

मी म्हणालो, मास्क दोन लाव, वाफ घे. तिने ऐकून घेतलं. मग सहज म्हणाली, बाबा, सोसायटीच्या ग्रुपवर तुमचा नवा फ्लेक्स बघितला. फोटो छान आलाय.

मग कॉल कट झाला. नेटवर्कचा प्रॉब्लेम असणार.

३ मे, सोमवार.

सात दिवस पोर्टलवर झटतोय. स्लॉट उघडतो आणि माझा ओटीपी येईपर्यंत संपतो. आज अभयने मार्ग काढला. शहर सोडून तालुक्यातली केंद्रं बघायची, तिथे गर्दी नसते, कारण खेड्यात लोकांना ॲप वापरता येत नाही. त्याने दोन मिनिटांत वेल्ह्याकडच्या एका गावात माझं बुकिंग केलं. स्वतःचंही केलं. पोरगं हुशार आहे.

सुनीती यायला तयार नाही. ती लस त्या गावासाठी आलीय म्हणते, माझा नंबर इथे लागेल तेव्हा घेईन. मी तिला शांतपणे समजावलं की देश एक आहे. लस अमुक एका गावची नसते. ज्याला गरज आहे त्याला ती मिळाली पाहिजे, मग तो कुठलाही असो. ती म्हणाली, वा, हे छापून घ्या, तिसरा फ्लेक्स होईल.

६ मे, गुरुवार. संध्याकाळी.

डोस झाला. हे आधी लिहितो, म्हणजे मुख्य मुद्दा बाजूला राहणार नाही.

आरोग्य केंद्राबाहेर वीसेक गाड्या, सगळ्या एमएच बाराच्या. दारात सरपंच तुळजाबाई उभ्या, मागे गावातली माणसं. बाई आवाज न चढवता सांगत होत्या की आधी गावातल्यांना, मग बाहेरच्यांना. वाक्य ओळखीचं वाटलं. मी पुढे होऊन म्हणालो, अहो ताई, असा संकुचित विचार बरा नव्हे. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, तुमचं पोट भरलंय का उपाशी हाय, ते सांगा आधी, विचाराचं मग बघू.

अभयने मोबाईलवरचं बुकिंग दाखवलं. आतल्या सिस्टरबाईंचाही नाइलाज होता. यादीत नाव आहे त्याला नाही म्हणता येत नाही. आणि यादीत सगळं पुणंच होतं.

नंबर येईपर्यंत पायरीवर बसलो. शेजारी एक म्हातारी होती, गोदाबाई. मला सरकून जागा दिली. माझ्यासारखाच दुसरा डोस बाकी. वरच्या वस्तीवरून चालत आलेली, गेल्या खेपेलाही तशीच परत गेली होती. नातवाचा फोन आहे, पण नातू भोरला कामाला, मग बुकिंग कोण करणार. विचारलं, कुठलं तुम्ही? म्हटलं, पुण्याचा. तर म्हणाली, पुण्यातच बनती म्हणं ही लस. तितं न्हाई का मिळत?

खोचून नव्हतं विचारलेलं. तिला खरंच कळत नव्हतं. मी मास्क नीट केला.

दुपारी, अभयची लस झाल्यावर, सिस्टर बाहेर आल्या. एकच डोस उरलाय आणि नाव माझं आहे. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा गोदाबाईंकडे. हळूच म्हणाल्या, काका, तुम्ही पुढच्या आठवड्यात आलात तरी चालेल, गाडी आहे तुमच्याकडे. घ्यायची की थांबायचं, तुमची मर्जी.

मी खुर्चीत जाऊन बसलो. बाही मीच वर केली.

अभयने आत येऊन समोरून फोटो काढला. अंगठा वर करा म्हणाला, मी केला. बाहेर आलो तेव्हा गोदाबाईंना पुढच्या आठवड्यात यायला सांगून झालं होतं. त्या उठल्या, पदर सारखा केला आणि मलाच म्हणाल्या, बरं झालं, लांबनं आला हुता, रिकाम्या हातानं नगं जायाला.

विचार करता: एक, खेड्यात हवा मोकळी असते. दोन, तिला शुगर नव्हती. (विचारलं नाही, पण दिसत नव्हती.) तीन, मी नाही म्हणालो असतो तर यादीतल्या दुसऱ्या कुणा पुणेकराने घेतली असती. हे तिन्ही मुद्दे बरोबर आहेत. येताना अभयने भजी खायला गाडी थांबवली, मी उतरलो नाही. खिडकीतून शेतातला चर दिसत होता, कोरडा ठणठणीत. लाज वाटली म्हणण्याइतकं काही घडलेलं नाही. थोडी वाटली. बरीच वाटली.

सुनीतीने काहीच विचारलं नाही. जेवायला वाढलं. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

७ मे, शुक्रवार. दुपारी.

अंगात कणकण. अभयने कालचा फोटो ग्रुपवर टाकलाय, सकाळपासून अभिनंदन चालू आहे. हाच फोटो घालून नवा फ्लेक्स करू म्हणतो. मी नको म्हणालो. त्याला तो माझा विनय वाटला. आधीचे दोन्ही काढायला सांगितले, तर म्हणाला, राहू द्या हो काका, चांगले दिसतात.

आत्ता नम्रताचा मेसेज आला. ग्रुपवर नाही, मला एकट्याला. बाबा, तुमचा डोस झाला, माझ्या जिवाला घोर होता तो गेला. तिचा स्वतःचा पुढे ढकललाय, तारीख दिलेली नाही, आणि सोमवारपासून वर्गात उभं राहायचंय. इन्हेलर जवळ ठेवते म्हणाली. तक्रारीचा एक शब्द नाही. आणि शेवटी: फोटोत तुमच्या मागे पायरीवर एक आजी बसल्यात. त्यांना मिळाली ना?

फोटो मोठा करून पाहिला. दारातून त्या दिसतात. पदर डोक्यावर, हात गुडघ्यांवर. कॅमेऱ्याकडे नाही, माझ्या दंडाकडे बघतायत.

टाइप केलं, पुसलं. सिस्टिमचा दोष आहे असं मोठं लिहिलं, तेही पुसलं. शेवटी ‘हो’ एवढंच पाठवलं.

लगेच उत्तर आलं. वाटलंच मला. तुम्ही तिथे असताना त्यांना तसंच कोण परत पाठवेल?

सुनीतीने आतून विचारलं, काय म्हणते लेक. मी म्हणालो, काही नाही, मजेत आहे. मला जरा पडू दे.