घटातली वाकडी चवळी

२७ सप्टें. २००५, मंगळ.
घेवड्याची पानं आज आणखी गोळा झाली. काल कडेच्या सरीत होती, आज मधोमध. टोमॅटोचा शेंडा दोरी वळल्यासारखा पिळलाय. पानं उलटून पाहिली. अळी नाही, मावा नाही, काहीच नाही.
औषध फवारणं सोडलं त्याला दोन पावसाळे झाले. गांडूळ परत आलं. विहिरीच्या पाण्याला वास यायचा तो गेला. आणि आता हे.
दत्ता कंपनीची बस लावून आला. बांधावरूनच बघितलं. "आबा, ठरलंय ना आपलं?"
ठरलंय. दसऱ्याला रान हिरवं दिसलं तर राहील. नाहीतर मुरूम टाकून बसगाड्यांचा तळ. चिरंजीव शब्दाचे पक्के आहेत, नको तिथं.
मुरूम एकदा रोलरनं दाबला की खालची माती संपली. मग हडपसरात आमचं रान होतं हे सांगायला मीच उरणार.

२९ सप्टें., गुरु.
समोरच्या सोसायटीतली अदिती भाजीला आली. कंप्युटरवाली, पण पोरगी चांगली. तिथल्या लॉनचं कापलेलं गवत सोसायटी जाळायची, हिनं भांडून ते माझ्याकडं धाडायला लावलं. दर आठवड्याला पोती येतात. निम्मं सऱ्यांत अंथरतो, ओल टिकते. निम्मं विहिरीवरच्या खताच्या ढिगात.
घेवडा दाखवला. म्हणाली, "व्हायरस असेल, आजोबा."
म्हटलं, तुमच्या यंत्रातनं आला असेल मग.
हसली. मला हसू आलं नाही. मेथीच्या धड निघालेल्या जुड्या घेऊन गेली.
आजचं ताजं गवतही अंथरलं. म्हटलं, तेवढाच थंडावा.

४ ऑक्टो., मंगळ.
घट बसले. माती आपल्या रानातलीच लागते, कुंडीतली चालत नाही, हा सौ.चा नेम. घेवड्याच्या सरीतली काढून दिली. घटातलं धन जोमदार उगवावं म्हणून तिनं वरनं ढिगातलं ओंजळभर खत मिसळलं. गहू, जोंधळा, चवळी, मूग, हरभरा सगळं पेरलं.
टोमॅटोची फुलं गळाली. जेवण गेलं नाही.

८ ऑक्टो., शनि.
काय लिहू. सकाळी सौ.नं घटापाशी हाक मारली. घटातला गहू सरळ. जोंधळा सरळ. चवळी आणि मूग मात्र माना पिळून आडवे. पानं गोळा. हरभरा जाड होऊन तडकलेला. थेट घेवड्यासारखं. इतक्या वर्षांत देवापुढं असं कधी...
सौ. म्हणाली, "देवीला काय कमी पडलं हो?" मग माझ्याकडं बघून, "परवा तुम्ही चपला घालून देव्हाऱ्यापाशी गेला होता."
नव्हतो गेलो. बहुतेक नव्हतो.
पण दुपारभर तेच डोक्यात. गहू, जोंधळा चांगले. बांधावरचा मकाही चांगला. म्हणजे गवताच्या जातीचं ते वाचतं. बाकीचं मरतं. असं कोण निवडून मारतं?

९ ऑक्टो., रवि.
सोसायटीत गेलो. वॉचमन सोडेना, म्हणे कुणाकडं जायचंय. म्हटलं, गवताकडं. शेवटी अदितीला खाली बोलावलं.
माळी पाठीवर पंप घेऊन लॉनवर फिरत होता. विचारलं, काय मारतोस?
"तणाचं हाय, बाबा. रुंद पानाचं तेवढं जळतं, गवताला काय नाय होत. भारी हाय औषध."
कधीपासून?
"पावसात तण लई झालं तवापासून. मारायचं, मग दोन दिसांनी कापायची मशीन फिरवायची."
तेच गवत. माझ्याच पाटीनं, माझ्याच हातानं. तिथंच कडेच्या दगडावर बसलो.
अदितीचा चेहरा पांढरा. "आजोबा, मी सगळ्या बिल्डिंगला मेल केली होती, आपलं गवत शेताला जातं म्हणून." मग हळूच, "ती मेथी आम्ही खाल्ली. आईलाही दिली."
आम्हीही खाल्ली. त्यानं काय होतं ते मला माहीत नाही म्हटलं.
ती सेक्रेटरीकडं भांडायला गेली. जिन्यातनं त्यांचा आवाज आला, "मॅडम, लॉन खराब दिसेल त्याचं काय?"

१० ऑक्टो., सोम.
सगळं गवत खरवडून काढलं. ढीगही. सौ. पाट्या भरत होती. दत्ता सुट्टीवर, तोही आला. म्हणाला, "कालव्यात लोटा. वाहून जाईल."
वाहून कुठं जाईल? खाली लोक त्याच पाण्यावर भाजी करतात. त्यांच्या घरीही घट बसलेत. ओरडलो त्याच्यावर. पोराची पोरं ऐकत होती, तरी ओरडलो.
जाळावं तर धूर गावभर. शेवटी जुन्या गोठ्याच्या फरशीवर रचलं. तेवढ्यात आभाळ भरून आलं. फरशीचा उतार विहिरीकडं. दत्ता घरात गेला, नवी कोरी ताडपत्री घेऊन आला. तळावर शेड करायला आणलेली.
"ओढा त्या बाजूनं. बघत काय राहिलाय?"
पाऊस आला नाही. मी मात्र छपरात बसून राहिलो.

१२ ऑक्टो., बुध. दसरा.
घट उठले. सौ.नं माझ्या टोपीत गव्हाचे तुरे खोवले. उरलेलं विहिरीत सोडायला निघाली, मी ताट धरलं. विहिरीत नाही. तिचे डोळे भरले. "निर्माल्य आहे ते." मला कळतं. पण नाही. ताडपत्रीखाली ठेवलं, वर हळद-कुंकू वाहिलं.
दुपारी मुरमाची गाडी दारात. रान हिरवं नव्हतंच. बोलायचं तोंड कुठं होतं?
दत्तानं ड्रायव्हरला बाहेर कडेला ओतायला लावलं. मला म्हणाला, "मातीत राहिलंय का गेलंय, ते बघा एकदा. राहिलं असेल तर मग मला अडवू नका."
हे कबूल.
गवत होतं त्या सरीत चवळी टोकली. पाणी तांब्यानं, नळाचं. विहिरीचं धजवेना.

१७ ऑक्टो., सोम.
अदिती सांगून गेली, मीटिंग लावलीय, निम्मे तिच्या बाजूनं. फवारा चालूच आहे. गवत आता कचऱ्याच्या गाडीत जातं. ती गाडी कुठं रिकामी होते, ते तिलाही ठाऊक नाही.
दत्ता कामावर जाताना मुरमाला वळसा घालून सरीपाशी येऊन गेला. वाकून बघितलं. मी घरातनं पाहिलं.
आज चवळीनं माती फोडली. मान वाकलेली. सौ. तोंडाला पदर लावून उभी राहिली. तिला म्हटलं, अगं, चवळी वर येताना वाकूनच येते, चांगल्या मातीतही. उन्हं लागली की सरळ होते. व्हायची असेल तर.