उपअधीक्षकांच्या बाजूने एकतीस अर्ज

गुरुवार, ५ मार्च. जेवणानंतर.

आजपासून रोजनिशी. घरात माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेणारं कोणी उरलेलं नाही. वही ऐकते. वही मध्येच उठून पाणी प्यायला जात नाही.

आठ वाजता मालिका. गेली दोन वर्षं दर गुरुवारी आम्ही तिघं एकाच सोफ्यावर बसून बघतो. डावीकडे ही, उजवीकडे कन्या, मधे मी. सबंध आठवड्यात तिघं एकत्र असण्याचा हा एवढाच तास. मालिकेत पोलीस ठाणं एक, अधिकारी दोन. इन्स्पेक्टर सगळ्यांचा लाडका. वाढलेली दाढी, कातडी जाकीट, दार दिसलं की लाथ. दुसरे उपअधीक्षक. इस्त्रीचा शर्ट, चष्मा, खिशात शिक्का. सहीशिवाय कागद पुढे सरकू देत नाहीत. लोकांनी त्यांचं नाव आडकाठी ठेवलंय. लोकांना काय कळतं.

आज इन्स्पेक्टर गोदामावर छापा घालायला निघाला. उपअधीक्षकांनी विचारलं, झडतीचा आदेश कुठाय? नव्हता. तो येईपर्यंत खुनी मागच्या दाराने पसार. कन्या ओरडली की या माणसाला आधी नोकरीवरून काढा. मी रिमोटने चित्र थांबवलं आणि शांतपणे समजावून सांगितलं की आदेशाशिवाय मिळालेला पुरावा कोर्टात टिकत नाही. चौदा मिनिटं लागली. तोवर हिचा डोळा लागला होता. कन्या म्हणाली, बाबा, ही मालिका आहे. मी म्हटलं, म्हणून काय झालं.

मी स्वतः पंपांच्या कारखान्यात स्टोअरकीपर आहे. वरच्या मजकुराशी त्याचा काही संबंध नाही. माहितीसाठी लिहून ठेवलं.

शुक्रवार, ६ मार्च

डोकं फिरलंय.

सकाळी दहाला मेंटेनन्सचा फोरमन स्टोअरच्या खिडकीवर. याला सगळे जाकीट म्हणतात. भर उन्हाळ्यातही अंगावरून उतरत नाही, म्हणून. टेस्टिंगच्या बाकावर पंप गळतोय, एक सील द्या म्हणाला. मी चिठ्ठी मागितली. तीन प्रती, पांढरी, गुलाबी, पिवळी, खाली साहेबांची सही. म्हणाला, नंतर देतो. नंतर! मी खिडकी लावून घेतली.

साहेब एकपर्यंत मीटिंगमध्ये होते. तीन तास लाइन बंद. खाली घोटाभर पाणी, माणसं पँटी दुमडून उभी. सगळे माझ्याकडे बघत होते. मी रजिस्टरकडे बघत होतो. रजिस्टर स्वच्छ आहे, एक खाडाखोड नाही.

सील माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. पण मुद्दा अंतराचा नाही.

सोमवार, ९ मार्च

कँटीनमध्ये मालिकेवर चर्चा. अख्खं टेबल इन्स्पेक्टरच्या बाजूने. मी उभा राहून उपअधीक्षकांची बाजू मांडली, मुद्देसूद, अकरा मुद्दे. चौथ्या मुद्द्यापर्यंत टेबल रिकामं. उत्तर नसलं की माणसं अशीच काढता पाय घेतात.

फक्त चहावाल्या मावशी थांबल्या. त्यांना टेबल पुसायचं होतं, पण थांबल्या हे महत्त्वाचं. म्हणाल्या, तो चष्मेवाला मला आवडतो, खुर्ची पुसून मग बसतो.

संकल्प: गुरुवारी चित्र थांबवायचं नाही. कन्येला तास सुखाने बघू द्यायचा.

गुरुवार, १२ मार्च

संकल्प सहा मिनिटं पाळला.

मग इन्स्पेक्टरने साक्षीदाराचा जबाब सिगारेटच्या पाकिटावर लिहून घेतला. पाकिटावर! इथे कोणीही थांबवलं असतं. कन्या उठली आणि खोलीत जाऊन फोनवर बघू लागली. भिंतीपलीकडून संगीत येत होतं, आमच्याआधी. म्हणजे पुढे काय होणार ते मला भिंतीकडून कळत होतं. संताप आला.

शेवटी मोठी घोषणा. पुढच्या भागांत दोघांपैकी एकच अधिकारी राहणार. प्रेक्षकांनी ठरवायचं. फोनवरून मेसेज, एका फोनला एक मत, मुदत २६ तारखेला संध्याकाळी आठपर्यंत.

म्हणजे या माणसाला आता घालवणार. इतकी वर्षं चोख काम केलं, एक कागद इकडचा तिकडे होऊ दिला नाही, आणि का घालवायचं, तर कोणाला तो आवडत नाही म्हणून. जेवण गेलं नाही. मी हे होऊ देणार नाही.

शनिवार, १४ मार्च

योजना तयार. विरोधक मेसेज पाठवतील भसाभस, ना हिशोब ना नोंद. आपलं काम पद्धतशीर हवं. कारखान्यात फिरून समर्थक गोळा करायचे, प्रत्येकाकडून अर्ज भरून घ्यायचा, छाननी करायची, साहेबांची ‘तपासले’ अशी सही घ्यायची, आणि मग सगळ्यांनी एकदम मत द्यायचं. तोवर कोणी घाईने मेसेज पाठवायचा नाही. घाईत बोट चुकून इन्स्पेक्टरवर पडलं तर?

दिवसभर बसून अर्जाचा नमुना केला. नाव, खातं, टोकन नंबर, पाळी, रक्तगट, मालिका कधीपासून बघता, उपअधीक्षकांचा कोणता गुण भावला (दोन ओळी), सही. तीन प्रतींत. हिला दाखवला. म्हणाली, मेसेज करायला एवढं लागतं? मी म्हटलं, मेसेज करायला नाही, विश्वासार्हतेला लागतं. हिने नमुना परत दिला आणि दूध बघायला गेली.

मंगळवार, १७ मार्च

प्रचाराला भरघोस प्रतिसाद! खिडकीवर सामान न्यायला आलेल्या प्रत्येकाला आधी उपअधीक्षकांबद्दल सांगतो, मग अर्ज देतो, मग सामान. एकानेही नकार दिला नाही. काहींनी तर मी तोंड उघडायच्या आतच सही केली. विचार पटायला लागला की असं होतं.

‘कोणता गुण भावला’ या रकान्यात सात जणांनी ‘लवकर द्या’ असं लिहिलंय. अर्थ लागला नाही. छाननीत बघू.

जाकिटाला अर्ज दिलेला नाही. त्याचं मत कुठे जाणार हे सांगायला ज्योतिषी नको.

गुरुवार, १९ मार्च

आठ वाजता सोफ्यावर मी एकटा. कन्या खोलीत. ही शेजाऱ्यांकडे, तिथे सलग बघायला मिळतं म्हणे. बरंच झालं, अख्खा सोफा मोकळा. नऊ वेळा चित्र थांबवलं. समजावून सांगायला कोणी नव्हतं. तरी सांगितलं.

पाय पसरून बसलो, पण पायांना सवय नाही. पुन्हा मधे बसलो.

सोमवार, २३ मार्च

अर्ज एकतीस. छाननी पूर्ण. दोघांचा टोकन नंबर चुकला होता, त्यांना परत पाठवलं, दुरुस्त करून घेतले. फाईलला लावले, क्रमवार. बघत राहावं अशी फाईल झाली आहे.

आता फक्त साहेबांची सही. साहेब बाहेरगावी, बुधवारी येणार.

मावशींनी विचारलं, मी मेसेज पाठवून टाकू का, फोन हातातच आहे. मी ठामपणे नाही म्हटलं. एकाला सूट दिली की झालं. त्यांनी फोन निमूटपणे कमरेला खोचला. अशी शिस्त हवी.

बुधवार, २५ मार्च

साहेब आले, पण दिवसभर दाराला आतून कडी. सहीसाठी चार वेळा गेलो. चौथ्यांदा त्यांनी विचारलं, कशाबद्दल आहे? मी म्हटलं, सविस्तर सांगावं लागेल. ते म्हणाले, उद्या.

हरकत नाही. मुदत उद्या आठपर्यंत आहे. मुदत असते ती वापरण्यासाठीच.

गुरुवार, २६ मार्च. सव्वाआठ.

जे घडलं ते क्रमाने लिहितो. अक्षर बिघडलं तर बिघडू दे.

साडेपाचला सही मिळाली. साहेबांनी फाईल न उघडताच केली, पण सही ती सही. पाळी पाचलाच सुटलेली. माणसं घरी. हरकत नाही म्हटलं, एकेकाला फोन करून सांगू, तपासले, आता पाठवा. फाईल उघडली. पहिला अर्ज. नाव आहे. खातं आहे. टोकन नंबर, पाळी, रक्तगट.

फोन नंबराचा रकानाच नाही.

एकतीसही अर्ज उलटून पाहिले. जो रकाना नाही तो पुढच्या पानावर कुठून येणार? गेटवर धावलो. वॉचमन म्हणाला, साहेब, सगळे केव्हाच गेले. एकतीस माणसांचे रक्तगट मला माहीत आहेत आणि एकाचाही फोन नंबर नाही. इतका राग मला जाकिटाचाही कधी आला नव्हता. कोणाचा ते लिहीत नाही.

सात पन्नासला घरी पोचलो. निदान स्वतःचं मत तरी. फोन काढला. मेसेज लिहायच्या आधी चॅनेलच्या अटी आणि शर्ती होत्या, अकरा पानं. न वाचता मान्य आहे म्हणणं माझ्या स्वभावात नाही. सात सत्तावन्नला ही शेजारी जायला चपला घालत होती. दारातूनच म्हणाली, अहो, नुसतं पाठवायचं असतं, दोन सेकंदांचं काम. हिला बरं माहीत! म्हणजे हिने कधीच मत देऊन टाकलंय. कोणाला, ते उघड आहे. विचारलं नाही, मान खाली घालून वाचत राहिलो. ही चपला घालून तशीच उभी.

नवव्या पानावर होतो. आठ वाजून एक मिनिट. उरलेली पानं तशीच सोडली. मेसेज गेला, उत्तर लगेच आलं: मतदान संपले आहे, सहभागाबद्दल आभार.

ही चपला काढून आत आली. शेजारी गेली नाही. मी म्हटलं, नेटवर्कचा घोटाळा. ती बरं म्हणाली.

गुरुवार, २ एप्रिल

निकाल. चॅनेल छोटं, आकडे पडद्यावर. इन्स्पेक्टर दोनशे सहा. उपअधीक्षक एकशे अठ्ठ्याऐंशी.

अठरा मतांचा फरक.

माझ्याकडे एकतीस अर्ज आहेत, तपासलेले.

शेवटच्या प्रसंगात उपअधीक्षकांनी खिशातला शिक्का काढला, स्वतःच्याच बदलीच्या हुकमावर उमटवला, फुंकर घालून शाई वाळवली आणि किल्ल्या टेबलावर ठेवून गेले. दार हळूच लावलं. इन्स्पेक्टर उठलासुद्धा नाही. मी चित्र थांबवलं नाही. रिमोट कुठे होता तेही आठवत नाही. रडू आलं आणि ते लपवता आलं नाही.

तेव्हा लक्षात आलं की डावीकडे ही आहे आणि उजवीकडे कन्या. कधी येऊन बसल्या, पत्ता लागला नाही.

शुक्रवार, ३ एप्रिल

मतमोजणी पुन्हा करावी असा तक्रारअर्ज लिहायला घेतला. साहेबांची सही लागेल, म्हणून तसाच ठेवला.

दहा वाजता जाकीट खिडकीवर. सील हवं होतं. चिठ्ठी नव्हती. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, हरला हो आपला माणूस. आपला? म्हणाला, मी आणि माझ्या पोरांनी बारा तारखेलाच त्याला मत दिलं, घोषणा झाल्या झाल्या. मी विचारलं, तुम्ही? म्हणाला, त्याचं कपाट बघितलंत का? डोळे मिटून हात घातला तरी पाहिजे तो कागद हाताला लागेल. तुमच्या स्टोअरसारखं. फक्त तुम्ही द्यायला पाहिजे.

सील दिलं. चिठ्ठी नंतर आणा म्हटलं. तो गेल्यावर बराच वेळ खिडकी उघडीच राहिली.

म्हणजे माझे विरोधक मत देऊन मोकळे झाले होते. माझ्या समर्थकांना तेवढं मी थांबवलं.

संध्याकाळी कन्येला सांगितलं, अठराच मतं कमी पडली. ती म्हणाली, माहितेय, आईने आणि मी पहिल्याच दिवशी दिली होती की. कोणाला म्हणून काय विचारता, बाबा, तुमच्या माणसाला. त्याला काढलं तर तुम्ही जेवणार नाही, म्हणून. मग सोफ्यावर सरकून जागा करून देत म्हणाली, जाऊ दे, आपल्या घरातली तीन मतं तर त्याला पडली ना?

मी हो म्हटलं.

हिने माझ्याकडे पाहिलं. ही त्या दिवशी दारातच उभी होती, हिला सगळं माहीत आहे. चहा टाकते म्हणून उठली.

तेवीस वर्षांच्या नोकरीत मी चुकीची नोंद केलेली नाही. तोंडी तीन मतांना ‘हो’ निघून गेलं, पण वहीत खरं तेच लिहायला हवं.

दोन.