काढलेली कडी

ता. ३ जून

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. चष्म्याच्या दुकानात लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावतेस, दर बुधवारी त्या गटात जातेस, आता झोपही लागते, हे वाचून बरं वाटलं. लहानपणी घरच्याच माणसाने ज्यांच्यावर हात टाकला अशी दहा-बारा मोठी माणसं एका खोलीत बसून ते बोलतात, हे मला अजून झेपत नाही.

मी काय लिहू? माझी चूक, माझी चूक, एवढंच सुचतं. तू नऊ वर्षांची, मी सतराचा, मामाच्या हाताखाली सुतारकाम शिकणारा. तो म्हणाला, पोरगी आतून कडी लावून बसते, एखाद्या दिवशी अडकेल, काढून टाक. मी काढली. भुसा आणि सरस कालवून स्क्रूची भोकं अशी बुजवली की हात फिरवला तरी कळू नये. त्याने पाठ थोपटली आणि मी दिवसभर फुगून होतो. तू कडी का लावायचीस ते चाळिशीत सांगितलंस तेव्हा कळलं. मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं गं.

पत्राला उशीर झाला. रविवारी मामा जेवायला होता, आईपुढे मला नाही म्हणवत नाही. माझ्या धाकट्या लेकीला मी त्याच्यापासून लांबच बसवलं, नजर हटवली नाही.

लोभ ठेव असं कुठल्या तोंडाने म्हणू? तरी म्हणतो.

तुझा दादा

ता. ११ जून

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

पत्रावरचे डाग अश्रूंचे की सरसाचे, कळेना. दोन महिन्यांतलं हे पाचवं. प्रत्येक वेळी तू रडून मोकळा होतोस आणि तुझी समजूत काढायचं काम माझ्याकडे येतं. दिवसभर दुकानात उभं राहून आल्यावर ते काम मला होत नाही. बुधवारच्या गटात मला कोणाचीच समजूत काढावी लागत नाही, म्हणून तिथे बरं वाटतं.

तू काहीच लपवत नाहीस, हा तुझा गुण. शेवटच्या चार ओळींत सगळं लिहून टाकलंस. मामा अजून तुझ्या घरी जेवतो. धाकटी आठ वर्षांची आहे, दादा. वाघाला पाटावर बसवून तू मला सांगतोस की मी त्याच्यावर डोळा ठेवून आहे.

आईला सांग. मामाचं येणं बंद कर. ते झाल्याशिवाय मला लिहू नकोस, माफीचं तर नकोच. वहिनीला नमस्कार, धाकटीला पापा.

लोभ किती ठेवायचा ते तुझ्या उत्तरावर.

ठमी

ता. २९ जून

चि. ठमीस,

रविवारी सकाळी वहिनीला शेजारी बसवून आईला सांगितलं. ती म्हणाली, एवढ्या वर्षांनी कशाला उकरायचं, त्याचं वय बघ. मग म्हणाली, तो नाही तर मीही नाही, आणि पिशवी भरून त्याच्याकडे गेली. मामाला मी माझ्या सुतारकामाच्या कारखान्याच्या दारातच थांबवलं. तुझ्या हातात रंधा कोणी दिला, असं त्याने विचारलं. तूच दिलास, पण माझ्या घरी यायचं नाही, असं सांगितलं. नातेवाइकांत मला वेड लागल्याचं पसरलंय. त्यातल्या तिघांना मी स्वतः जाऊन खरं काय ते सांगितलं. तिघांच्याही घरी लहान मुली आहेत.

आता एक राहिलंय. मला काही माहीत नव्हतं, असं तुला पाचही वेळा लिहिलं. ते खोटं आहे. कडी काढली त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझी खोली उघडायला गेलो तर दार हलेना. तू पुस्तकांची पत्र्याची पेटी आतून दाराला लावली होतीस. तुझ्याच्याने ती उचलतही नव्हती, ढकलत आणली असशील. मी दार रेटून आत आलो, फरशीवर चरे पाडलेस म्हणून तुला ओरडलो आणि पेटी जागेवर नेऊन ठेवली. त्या वेळी तुझ्या तोंडाकडे बघितलं होतं. काहीतरी वाईट आहे हे मला कळलं होतं. मी विचारलं नाही, कारण मामा मला नोकरीला लावणार होता.

एवढंच लिहायचं होतं.

दादा

ता. ८ जुलै

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

पेटीचं वाचून दोन दिवस तुझा संताप आला. पत्र दुकानात नेलं, परत आणलं, फाडायला घेतलं. तुझा असा राग मला कधी आलाच नव्हता. तू आधीच रडत असायचास, रागवायला जागाच नसायची. माफ केलेलं नाही. करीन की नाही, आत्ता सांगता येत नाही.

आई त्याच्याकडे राहायला गेली याचं वाईट वाटलं. तिला मी लिहिणार नाही. धाकटीला सुट्टीत माझ्याकडे पाठव, वहिनीसोबत. तू नंतर ये, मी बोलावीन तेव्हा.

काल गटात नेहमीचा प्रश्न आला, घरचं कोणी तुमच्या बाजूने उभं राहिलं का. इतके दिवस मी नुसती नकारार्थी मान हलवायचे. काल म्हटलं, मोठा भाऊ. बत्तीस वर्षं उशिरा.

राग आहे, लोभही आहे. दोन्ही असू दे.

तुझी
ठमी