कडेचा पुसट ठिपका

३ मार्च, सकाळी ११
स्टुलावरून पडलो. पाय प्लास्टरमध्ये, सहा आठवडे. तिसरा मजला, लिफ्ट नाही. म्हणजे कैदच. लेकीनं लॅपटॉप दिला आणि लघुग्रह शोधणाऱ्या हौशी मंडळींत माझं नाव घातलं. वेधशाळा आकाशाच्या एकाच तुकड्याचे वीस-वीस मिनिटांनी चार फोटो काढते. तारे जागच्या जागी राहतात. जो ठिपका सरळ रेषेत सरकतो, तो लघुग्रह. तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली, नको तिथले अनुस्वार लांबून पकडले. इथे तर नुसते ठिपकेच. संकल्प: रोज शंभर संच.

४ मार्च
सहा झाले. पाठ अवघडली.

७ मार्च, दुपारी
सापडला! चांगला ठसठशीत. हिला म्हटलं, तुझं नाव देऊ. ही म्हणाली, आधी जरा सरका, चादर बदलायचीय. मेव्हण्याला फोन करून टाकला.

९ मार्च
वेधशाळेच्या बाईंची मेल. ठिपका एकाच फोटोत आहे. अवकाशातून आलेला कण कॅमेऱ्यावर आदळला असणार. असेल. मेव्हण्याला इतक्यात कळवत नाही.

१५ मार्च
दुसरा! चारही फोटोंत सरकतोय. बाई म्हणतात, बरोबर, पण हा अठ्ठावीस वर्षांपूर्वीच नोंदलाय. म्हणजे नजर शाबूत आहे. लॅपटॉप तेवढा उशिरा मिळाला.

२० मार्च
ही शेजारी येऊन बसली. म्हणे, अहो, कडेला काहीतरी पुसट सरकतंय. समजावलं, डोळ्यांत पाणी आलं की असं दिसतं. तर म्हणे, चारही वेळा एकाच रेषेत पाणी येतं का? वाद नको म्हणून ‘कॅमेऱ्याचा दोष’ हे बटण दाबून मोकळा झालो. ही उठून गेली. शास्त्रात भावनेला जागा नाही.

३ एप्रिल, दुपारी ४
बाईंची सगळ्यांना मेल. नवा लघुग्रह! कक्षा पक्की व्हायचीय, पण आधी कुणी नोंदलेला नाही. तोच संच. तीच कड. खूण करणाऱ्या पाच जणांची नावं दिलीत. तिसरं हिचं.
लेक म्हणाली, आईनं त्याच संध्याकाळी माझ्या फोनवर नाव नोंदवून तो संच उघडला, बाबा. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलली नाही.
मी म्हटलं, मला कशाला वाईट वाटेल?
मग ही आली. लॅपटॉप थोडा वेळ मिळेल का, म्हणाली. दिला.
समोरच्या भिंतीवर एक ठिपका आहे. पाऊण तास बघतोय. हलत नाही. खिळा असावा. नक्की सांगता येत नाही.