बाजरीचा डोसा आणि एक सवाष्ण

आई,

जयपुरातल्या आपल्या पहिल्या संक्रांतीला तू जो घोळ घातलास, तो आठवला की मला अजूनही एकटीला हसू येतं. तुला हळदीकुंकू करायचं होतं आणि बोलवायला बाई नव्हती. नगरला संक्रांतीचं हळदीकुंकू म्हणजे ओसरीवर पाय ठेवायला जागा नसायची, आणि इथे राजा पार्क नावाच्या पंजाबी वस्तीत वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तू, बाबा आणि मी. खाली घरमालक, म्हणजे एक एकटे म्हातारे सरदारजी. त्यांना काही कुंकू लावता येत नव्हतं. गल्लीतल्या बायका चांगल्या होत्या, पण त्या भराभर पंजाबी बोलायच्या, मोठ्याने हसायच्या, आणि तू नुसती मान डोलवून घरात परत यायचीस. बाबांची बदली सरकारी होती, माझी शाळा होती, तुझं मात्र त्या गावात काहीच नव्हतं. दुपारी मी शाळेतून आले की तू दिवसभराचं साठवलेलं सगळं माझ्याशी बोलायचीस, दूधवाल्याने काय म्हटलं इथपासून ते स्वप्नात मामी आली होती इथपर्यंत. मी चौथीत होते. मला खेळायला जायचं असायचं.

गच्चीच्या पलीकडच्या खोल्यांत मात्र एक बाई राहायची. तिचे यजमान बाबांच्याच ऑफिसात. आपण सगळे त्यांना मद्रासी म्हणायचो, तेव्हा महाराष्ट्राच्या खालचा प्रत्येक माणूस मद्रासीच असे. तुम्हा दोघींची ओळख कपडे वाळत घालण्यापुरती होती. तू हसायचीस, ती हसायची, मग दोघी आपापले चिमटे लावून आत. भाषा कुठली बोलणार? तुझं हिंदी म्हणजे मराठीला मागे 'है' जोडायचा, आणि तिचं हिंदी तुझ्याहून अर्धा पाऊल मागे. पण तिच्या कपाळावरचं ठसठशीत कुंकू तू बरोबर हेरून ठेवलं होतंस.

एकदा जेवताना बाबा म्हणाले, "अगं, ते आपले शेजारी सांगत होते, बायकोचं मन लागत नाही म्हणे इथं. रेशनचा तांदूळ धड भाताला पुरत नाही, आणि तिला सारखी डोशाची आठवण येते."

"मी करते की तिच्यासाठी," तू म्हणालीस.

"तू? तू डोसा पाहिलायस का कधी?"

"त्यात पाहायचं काय? धिरड्यासारखंच असणार काहीतरी."

"अगं पण तांदूळ कुठाय?"

"बाजरी आहे ना."

बाबांनी घास तसाच हातात धरला होता. बाजरी होती, हे खरं. नगरच्या माणसाला जयपुरात दुसरं काही नाही तरी बाजरी मिळायची, आणि तीही उत्तम. तुझ्या डोक्यात सगळं पक्कं झालं होतं. डोसा न्यायचा, बाई खूश होणार, हळदीकुंकवाला येणार. बाबा म्हणाले, "एका बाईला बोलवायला एवढा खटाटोप?" त्यावर तू म्हणालीस, "एक तरी नको का?" आणि ताटं उचलायला लागलीस. तुझा आवाज तेव्हा जरा वेगळा लागला. बाबांनी पुढे थट्टा केली नाही, निदान त्या दिवशी तरी नाही.

डोशाची सगळी माहिती आपल्या घरात एकट्या बाबांना होती, कारण ते ऑफिसच्या कामाला मुंबईला गेले असताना त्यांनी तिथल्या हॉटेलात एकदा डोसा खाल्ला होता. तू त्यांची उलटतपासणी घेतलीस. केवढा होता? बाबांनी हात पसरून दाखवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं तर हात आणखी पसरले. "नक्की सांगा, जाड की पातळ?" "पातळ. पण आतून मऊ." "म्हणजे जाड." "नाही गं, पातळच, पण मऊ. आणि कुरकुरीत." "अहो, तुम्ही खाल्लात का नुसता बघून आलात?" आंबवतात आणि त्यात उडदाची डाळ असते, एवढं मात्र बाबांना वेटरने सांगितलं होतं. तेवढ्यावर तू कामाला लागलीस.

उडदाची डाळ भिजवलीस, नगरहून लगेजात आणलेल्या पाट्यावर वाटलीस. त्या पाट्यावरून स्टेशनवर बाबांचं आणि हमालाचं केवढं वाजलं होतं! मग डाळीत बाजरीचं पीठ घातलंस. आणि मग, आई, तू ते केलंस जे नगरची बाईच करू शकते. बाजरीचं पीठ परातीत आलं की तुझा हात आपोआप कढत पाण्याकडे जायचा, कारण कढत पाण्याशिवाय भाकरी थापली जात नाही. जन्मभराची सवय. उकळतं पाणी तू भस्सकन त्या पिठात ओतलंस, छान घोटलंस, पातेल्यावर झाकण ठेवलंस आणि आंबायची वाट बघत बसलीस. पीठ आंबायचं कसलं, पार शिजून त्याची खळ झाली होती.

तू दोष थंडीला दिलास. जानेवारीतली जयपूरची थंडी होतीही तशीच, सकाळी नळाला हात लावला की बोटं आपली वाटायची नाहीत. मग तू बाबांची रजई घेतलीस. बापू बाजारातून हौसेने आणलेली, हलकी, छापील फुलांची, बाबांचा त्या गावातला एकमेव षौक. रविवारी दुपारी बाबा जेवून वामकुक्षीला गेले तर रजईत पातेलं. मला आत्ता दिसतंय, बाबा कॉटपाशी उभे आहेत, अंगावर कोट, डोक्याला मफलर, आणि तू दारातून हलक्या आवाजात सांगते आहेस, "हलवू नका हं त्याला. जरा ऊब धरू दे." बाबा म्हणतात, "आणि मी?" तू म्हणतेस, "तुम्ही उन्हात बसा." बाबा मुकाट्याने गच्चीत जाऊन बसतात. सरदारजी खालून विचारतात, "क्यों जी, अंदर जगह नहीं है?" बाबा म्हणतात, "मेहमान आया है जी."

पातेलं फुगेना. तू त्यात ताक घातलंस, मग आणखी ताक. ते पहिलं पीठ तव्यावर घातलं तेव्हा तवा आणि डोसा यांचं असं काही जुळलं की त्यांना वेगळं करायला उलथनं वाकलं. दुसऱ्या वेळी सुटला, पण बाबांच्या चपलेच्या तळव्याएवढा जाड. फेकून द्यायचं नाही हा घरचा नियम, त्यामुळे बाबांच्या डब्यात रोज एक प्रयोग जायला लागला. मला तू शाळेत द्यायचीस तेव्हा मैत्रिणी विचारायच्या, "ये क्या है?" मी म्हणायची, "मतलब, अभी बन रहा है." पाण्याची चूक तुझ्या लक्षात कशी आली ते मला कधी कळलं नाही. बहुतेक भाकरीसाठी आधण ठेवताना तुझं तुलाच उमगलं असावं, कारण तू एकदम कपाळावर हात मारून घेतलास आणि कुणाला काही बोलली नाहीस. त्यानंतर गार पाणी वापरलंस, पातेलं पुन्हा रजईत गेलं, आणि पीठ वर आलं. तू मला हाक मारून ते दाखवलंस. बुडबुडे आलेले. मी इतकी मोठी झाले तरी माझ्याकडे तू कधी एवढ्या कौतुकाने बघितलं नव्हतंस, असं मला तेव्हा वाटलं.

संक्रांतीच्या दिवशी सकाळपासून सगळं जयपूर गच्चीवर. पतंगांनी आभाळ भरलेलं, चारी बाजूंनी "वो काटा!" आणि आपल्या स्वैपाकघरात शेगडीसमोर तू. डोसे खरंच चांगले होत होते. कडा कुरकुरीत, मधे जाळी. पण आदल्या दिवशीच भोगीच्या भाकऱ्यांना तीळ लावून लावून तुझ्या हाताला नाद लागला होता. प्रत्येक डोशावर तू चिमूट चिमूट तीळ भुरभुरलेस. नारळ मिळाला नव्हता, म्हणून चटणी शेंगदाण्याची, लसूण घातलेली. वर लोण्याचा गोळा.

तू इरकल नेसलीस. मला दुभाषी म्हणून बरोबर घेतलंस. गच्ची ओलांडताना एक कापलेला पतंग तुझ्या खांद्यावर पडला तरी तुझं लक्ष नव्हतं. दार उघडलं. तिने आधी तुझ्याकडे पाहिलं, मग ताटाकडे. "अय्यो, इतना तकलीफ क्यों किया?" तू माझ्याकडून पाठ करून घेतलेलं आमंत्रणाचं वाक्य मी म्हणायच्या आधीच तिने एक तुकडा तोडून चटणीत बुडवला आणि दारातच उभ्याउभ्या खाल्ला. मग दुसरा. मग अख्खा डोसा. तू तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होतीस.

"बहुत अच्छा!" ती म्हणाली. "बहुत टेस्टी! आपके महाराष्ट्र में इसको क्या बोलता है?"

मी 'डोसा' म्हणायला तोंड उघडलं आणि तू माझ्या पायावर पाय दिलास. चांगला जोरात. मग अगदी शांतपणे, मान ताठ करून म्हणालीस, "धिरडा है. हमारे नगर का. संक्रांत को करते है."

"मेरे को सिखाएंगे?" तिने विचारलं. आणि मग तुझा हात धरून म्हणाली, "कल मेरा भाई आया, चावल लाया. मैं आपको हमारा डोसा खिलाएगी. आपने कभी नहीं खाया होगा."

"नहीं जी," तू म्हणालीस. "कभी नहीं." मग मी ते पाठ केलेलं वाक्य एकदाचं म्हणून टाकलं, की संध्याकाळी हळदीकुंकवाला या.

दुसऱ्या दिवशी तिने खरा डोसा केला. तू तिच्याकडे बसून दोन खाल्लेस, वा वा केलंस, आणि घरी येऊन पदराने तोंड पुसत बाबांना म्हणालीस, "अस्सं असतं होय!" बाबा इतके हसले की सरदारजींनी खालून काठीने छत ठोकलं. मी म्हटलं, आई, एवढे दिवस घालवलेस आणि तिला कळलंच नाही की तो डोसा होता. तू म्हणालीस, "डोसा गेला खड्ड्यात. बाई आली ना?"

बाई आली. संक्रांतीच्याच संध्याकाळी, जरीचं लुगडं नेसून, केसांत मोगरा नव्हता म्हणून झेंडूचं फूल खोवून. तू तिला एकटीला पाटावर बसवलंस, हळदीकुंकू लावलंस, ओटी भरलीस, ओसरीभर बायकांना द्यायचं ते सगळं वाण तिला एकटीला दिलंस. मग रोज दुपारी मी शाळेतून आले की तुम्ही दोघी गच्चीत उन्हात बसलेल्या असायचात. तू मराठी, ती तमिळ. एकमेकींचं काय कळत होतं देव जाणे, पण तू हसत होतीस. तोंडाला पदर न लावता हसत होतीस. तुला असं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि मला माझा खेळायचा वेळ परत मिळाला म्हणून मी खूश होते. आज वाटतं, त्या वयात मी तुझी एकुलती एक मैत्रीण होते, आणि ते काम मला झेपत नव्हतं.

आता बाजरीच्या डोशाला फार मान आलाय, आई. सूनबाई मोबाइलवर त्याचे फोटो दाखवते आणि मला कृती समजावून सांगते. मी ऐकून घेते. तुझे जावई गेले, त्यानंतर मी मुलाकडे राहायला आले. पुण्यातच, पण इतक्या वरच्या मजल्यावर की खालचं माणूस ओळखू येत नाही. दोघं सकाळी कामाला जातात ते दिवेलागणीला येतात. दिवसभराचं साठवलेलं मी सूनबाईला सांगायला जाते आणि ती बिचारी ऐकता ऐकता पेंगते. समोरच्या दाराला माझ्याच वयाची एक बाई राहते. दिवाळीच्या आधी आली, तीही मुलाकडेच. लिफ्टमध्ये ती हसते, मी हसते.

आज सकाळी मी गार पाण्यात भिजवलेल्या पिठाचे डोसे केले. झाकून ताट हातात घेतलं, दार उघडलं, तिच्या दारापर्यंत गेले. आतून टीव्हीचा आवाज येत होता. बेलवर बोट ठेवलं, आणि मनात आलं, ती म्हणेल, काय काम आहे? तशीच परत आले आणि हे लिहायला बसले. तू आता या जगात नाहीस, पत्र टाकायचं कुठे हा प्रश्न असताना तुला एवढं लांबलचक पत्र लिहायचं दुसरं काही कारण नाही. तुला तिची भाषा येत नव्हती. ही समोरची तर साताऱ्याची आहे गं, शुद्ध मराठी बोलते. तरी मला भीती वाटते.