नळी क्रमांक ४१७

प्रिय ताई,

१९ मार्च, सकाळी सव्वादहा. प्रयोगशाळेत नळ्यांवरच्या जुन्या चिठ्ठ्या बदलत होतो. एकीवर, ४१७वर, पोटातच गेलेल्या तुझ्या बाळाची तारीख होती, आणि 'एकोणीस आठवडे'. तू सही करून संशोधनासाठी दान दिलंस, ते इथे आलंय. मी नवी चिठ्ठी सरळ चिकटवली.

प्रयोगशाळेच्या मॅडमना विचारलं, "४१७चं असं का झालं? आईनं जड उचललं म्हणून?"

"छे रे! मेंदू घडताना जनुकं ठरल्या वेळी चालू-बंद होतात. याचं एक महत्त्वाचं चालूच झालं नाही. आई काय करणार त्यात?"

तुला ती भरलेली बादली उचलायला मीच सांगितलं होतं. तू स्वतःला दोष देतेस तेव्हा मी गप्प असतो. तुझा दोष नव्हता हे तुला सांगायचं, तर नळीचंही सांगावं लागेल.

संध्याकाळी तू विचारशील, "काय केलंस आज?" मी म्हणेन, चिठ्ठ्या बदलल्या. हे पत्र माझ्याकडेच राहील.

तुझा धाकटा