पहिल्या नावावरची रेघ

ता. ४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
मुंगीचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं ताईच्या चिठ्ठीवरून कळलं. आई विचारते, पट्टी कधी सुटणार, आणि एक डोळा बंद असतानाही जावयाला तितकाच धाक आहे ना?

इकडे सगळे ठीक. छापखान्यावरची आपल्या समितीची खोली आहे तशीच आहे. खाली यंत्र सुरू झालं की टेबलावरचे पेले थरथरतात आणि मास्तर दरवेळी भूकंप झाल्यासारखे वर बघतात. शिंपीकाकांनी खिडकीला नवा पडदा शिवून दिला. तो दोन वीत आखूड झाला. ते म्हणतात, खिडकीच वाढली.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. आत्या, माझ्या हातून मोठी चूक झाली आहे.

काल वॉर्ड समितीची सभा होती. पक्षाच्या वरच्या ऑफिसातून निरीक्षक आले होते. निवडणुकीला आपण नर्सबाईंचं नाव कळवलं होतं, ते बाजूला ठेवून वरून आलेल्या एका पाहुण्याला मान्यता द्या, नाहीतर समिती बरखास्त, असा निरोप त्यांनी आणला होता. पाहुण्याला आपली गल्ली विचारत यावं लागतं. चष्मेवाली आणि तिच्याबरोबरचे तिघे मुद्दाम आलेच नाहीत. अकरातले सात जमले नाहीत तर ठराव होत नाही, आणि मग गल्लीतल्या सगळ्या सभासदांची उघडी सभा घ्यावी लागते, हे त्यांना पक्कं माहीत होतं. आम्ही सहाच होतो: बाबा अध्यक्षांच्या खुर्चीत, मास्तर, शिंपीकाका, पंक्चरकाका, नर्सबाई आणि चिटणीस म्हणून मी.

तुझीच पद्धत आहे, हजेरीच्या वहीत नावं सभेआधी ज्येष्ठतेने लिहून ठेवायची, म्हणजे कोण आधी आलं यावरून रुसवे होत नाहीत. आणि जो येत नाही त्याच्या नावावर लाल रेघ ओढायची. पहिलं नाव तुझं. तू ताईकडे गेल्यापासून तुझ्या नावावरची रेघ मी सगळ्यांत शेवटी ओढते. खरं सांगायचं तर हात धजत नाही. काल चार रेघा ओढल्या, तेवढ्यात निरीक्षकांनी घाई केली, मी पेन्सिल खाली ठेवली आणि तुझी रेघ राहिली. त्यांनी माणसं मोजलीच नाहीत. वही स्वतःकडे ओढून नावं मोजली. सात. ठराव मांडला. चार बाजूने, मी विरुद्ध. नर्सबाईंनी स्वतःचा प्रश्न म्हणून मत दिलं नाही.

मला हे घरी येऊन, चप्पल काढताना लक्षात आलं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. काय करू ते कळव. लोभ असावा, रागही चालेल, पण पत्र यावं.

तुझी,
मुंगी


ता. ८ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
एका डोळ्याचे पण पूर्ण आशीर्वाद.

ओळी तिरक्या आल्या तर तूच सरळ करून वाच. पट्टी काल सुटली. आईला सांग, जावई मला बघून अजून पेपराची घडी नीट घालतात, तेव्हा काळजी नको.

तुझं पत्र वाचून आधी हसले. पस्तीस वर्षांत मी एकाही सभेत गप्प बसले नाही. आयुष्यात पहिल्यांदा तोंड मिटून बसले आणि तेसुद्धा मी तिथे नसताना! त्या दिवशी मी इथे पाठीवर आडवी पडून छत बघत होते, आणि तिकडे माझ्या नावाने नर्सबाईंचा काटा काढला गेला. मग मात्र हसू आलं नाही.

तू पाच वर्षांची होतीस. बालवाडीत रडायचीस म्हणून घरीच ठेवली होती. जुन्या मतदारयादीच्या कोऱ्या बाजूवर मी तुला अक्षरं गिरवायला दिली. पाठीमागची नावं बघून तू विचारलं होतंस, की ही सगळी माणसं खरी आहेत का. मी सांगितलं होतं, नाव लिहिलं म्हणजे त्याच्यामागे माणूस असलाच पाहिजे. तुझी शाळा तिथे सुरू झाली. बाकीचं सगळं विसरलीस तरी चालेल.

आता करायचं काय, ते तुला माहीत आहे. इतिवृत्त पुढच्या सभेत वाचून कायम होतं. त्याआधी वहीला हात लावायचा नाही. गुपचूप केलेली दुरुस्ती ही दुसरी चूक. वाचताना दुरुस्ती सुचवायची, सगळ्यांसमोर. पण आधी तुझ्या बापाला सांग. तो अध्यक्ष आहे, आणि त्याला बाहेरून कळलं तर तो आतून मोडेल. भाऊ लहानपणापासून तसाच आहे.

हात धजत नाही म्हणतेस. अगं, मी मेले नाही, गैरहजर आहे. फरक समजून घे!

नीट जेव. माया आहे तशीच आहे, वाढवून मागू नकोस.

आत्या


ता. १० फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न.

बाबांना सांगितलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा गेले. ते एका मनगटी घड्याळावर वाकले होते, डोळ्याला भिंग. मी सगळं बोलून होईपर्यंत त्यांनी भिंग काढलं नाही. मग म्हणाले, की मोजणी निरीक्षकांनी केली, तू नाही. तेव्हा तू जिवाला लावून घेऊ नकोस. मी म्हटलं की नाव मी लिहिलं होतं. त्यावर म्हणाले, की समिती बरखास्त झाली तर दवाखान्याची सकाळची पाळी, गल्लीतले दिवे, शाळेपुढचा गतिरोधक, ज्याच्यासाठी आपण फुकट चपला झिजवल्या, ते सगळं उपऱ्यांच्या हाती जाईल. एका नावापायी घर जाळायचं का? आणि अक्का इथे असती तर तिने पक्षासाठी हात वर केलाच असता, असंही म्हणाले.

मी म्हटलं, आत्याने दोन्ही हात वर केले असते, पण विरुद्ध. आत्या, मी बाबांना असं कधी बोलले नव्हते. त्यांच्या हातातला चिमटा खाली पडला. तो उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि घरी आले.

तेव्हापासून घरात अबोला आहे. आईच्या मार्फत बोलतात. मीठ माझ्यापुढे असलं तर आईला सांगतात, की हिला मीठ द्यायला सांग. आई म्हणते, घरात अध्यक्ष झाले, चिटणीस झाली, आता मला शिपाई म्हणून पगार लावा.

वरून निरोप आला आहे, की पोरगी हुशार दिसते, तिला वरच्या महिला समितीवर घेऊ. पंक्चरकाका हे सांगायला आले आणि जाताना जिन्यात म्हणाले, की टायरमधली हवा काढायच्या आधी लोक असंच हळूच थोपटतात.

सभा पंधराला सकाळी आहे. चष्मेवाली आणि तिघेही येणार आहेत. ठराव झालाच कसा म्हणून खवळले आहेत. मला भीती वाटते. सभेत माझा आवाज जाईल. लोभ आहेच, थोडा उसना धीरही पाठव.

मुंगी


ता. १२ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
आशीर्वाद, आणि एक पाकीट.

पाकिटात अध्यक्षांच्या नावाने माझं पत्र आहे आणि दवाखान्याचा कागद. तीन तारखेला मी कुठे होते हे त्यावर शिक्क्यानिशी आहे. तुझा आवाज गेला तर नुसतं टेबलावर ठेव. वाचायलाही नको.

पण तुला एक सांगते. आवाज माझाही जायचा. पहिली दहा वर्षं मी टेबलाखाली पदर पिळायची. लोक म्हणायचे, बाई वाघीण आहे! वाघिणीचा पदर घरी येईपर्यंत दोरखंड झालेला असायचा.

अबोल्याचं मनावर घेऊ नकोस. भाऊ ज्याच्यावर रागावतो त्याच्याशी भांडतो. गप्प बसतो तो स्वतःवर रागावल्यावर.

निकाल काय लागला हे कळवायला उशीर केलास तर मी तिथे येऊन बसेन.

आत्या


ता. १६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न., आणि माफ कर, तुझं पाकीट मी उघडलं नाही.

ते वहीत होतं. काल खोलीत दहाजण होते आणि निरीक्षक. मी आधी दहा डोकी मोजली, मग नावं. बाबांनी इतिवृत्त वाचायला सांगितलं. मी उभी राहिले. तुझ्या नावापाशी आले तेव्हा आवाज गेलाच. मनात आलं, पाकीट ठेवावं टेबलावर. पण मग ते बहिणीचं भावाविरुद्ध पत्र झालं असतं, आणि तुमच्या भांडणाआड माझी चूक लपली असती.

म्हणून पेला उचलला, पाणी प्यायले आणि सांगितलं, की पहिलं नाव चुकीचं आहे. आत्या हजर नव्हती. रेघ ओढायची माझ्याकडून राहिली. हजर सहाच होते. दुरुस्ती सुचवते आहे. निरीक्षक म्हणाले की एवढ्या तेवढ्याने ठराव उडत नसतो, आणि मुलीने आपलं भविष्य बघावं. मी म्हटलं, की भविष्य पुढच्या पानावर बघू, आधी हे पान नीट होऊ दे. हे कुठून सुचलं, देव जाणे! चष्मेवालीने बाक वाजवला. मास्तरांनी दुरुस्तीला अनुमोदन दिलं. मास्तरांनी, आत्या! मागच्या वेळी त्यांनीच ठरावाला हात वर केला होता.

मग सगळे बाबांकडे बघत राहिले. तेवढ्यात खाली यंत्र सुरू झालं, पेले थरथरले, आणि या खेपेला मास्तरांनी वर बघितलं नाही. बाबांनी मला आकडा पुन्हा वाचायला सांगितला. थेट मला, पाच दिवसांत पहिल्यांदा. मी वाचलं, सहा. ते म्हणाले, सहा म्हणजे सभा नाही, सभा नाही म्हणजे ठराव नाही. मी त्या दिवशी खुर्चीत होतो, डोकी मोजणं माझं काम होतं, तेही लिहून घे. मी लिहून घेतलं.

मग सगळ्यांसमोर तुझ्या नावावर लाल रेघ ओढली. सरळ आली.

निरीक्षक उठून गेले. पुढे काय होईल ते होवो. उघडी सभा एकोणीसला आहे. लोभाची काळजी आज वाटत नाही.

तुझी,
मुंगी


ता. २१ फेब्रुवारी

ती. अक्कास,
धाकट्याचा सा. न.

पोरगी सभासदांच्या याद्या लिहिण्यात गुंतली आहे, म्हणून हे कार्ड मी लिहितो. उघडी सभा छापखान्यापुढच्या रस्त्यावर झाली. नर्सबाईंसाठी हात वर झाले ते मी स्वतः फिरून मोजले, मग शिंप्याने मोजले, मग पोरीने. एकशे बेचाळीस. तिघांचा आकडा एकच.

काल वरून हुकूम आला. समिती बरखास्त. खोलीची किल्ली दिली. वही मागत होते, ती दिली नाही. सांगितलं, तुम्ही बरखास्त केलेल्या समितीची वही तुम्हाला कशाला? पक्षाचं चिन्ह मिळो न मिळो, नर्सबाई उभ्या राहणार आहेत. दहाच्या दहा आम्ही त्यांच्याबरोबर आहोत. अजून कोणी मागे सरलेलं नाही. पडलो तर पडलो, पण आमच्या माणसासाठी पडू.

तू असतीस तर पक्षासाठी हात वर केला असतास, असं मी पोरीला म्हटलं होतं. ते शब्द मागे घेतो.

पुढची सभा रविवारी सकाळी माझ्या दुकानात. डोळ्याला झेपेल का, डॉक्टरांना विचार. नावांची यादी पोरीने लिहून ठेवली आहे. पहिलं तुझंच आहे. लाल पेन्सिल माझ्या खिशात आहे. ती दोनदा मागून गेली, रविवारपर्यंत देणार नाही.

तुझा,
भाऊ